धार जरा कमी ठेव

ऑक्टोबरातल्या रविवारी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. हॉकीचा हंगाम नुकताच सुरू झालेला असतो. (इथे कॅनडात हॉकी म्हटलं की बर्फावरचीच. आपल्या हॉकीला आधी ‘फील्ड’ जोडावं लागतं.) सकाळी सातपासून आईबाप पोरांचे स्केट नाड्यांनी लोंबकळत घेऊन रांगेत उभे असतात आणि मी मागच्या बाजूला मशीनवर असतो. टोरांटोच्या पश्चिमेला, ब्रॅम्प्टनमध्ये, गेली चौदा वर्षं मी स्केटना धार लावतो. त्याआधी शिरोली एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर होतो. काम तेच, फक्त लोखंड बदललं.

२९ ऑक्टोबर २०२३ च्या रविवारी रांग नेहमीएवढीच होती, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी इंग्लंडमध्ये शेफील्डला सामना सुरू असताना नॉटिंगहॅम पँथर्सच्या ॲडम जॉन्सनच्या गळ्याला दुसऱ्या खेळाडूच्या स्केटचं पातं लागलं. तो वाचला नाही. वय २९. मिनेसोटातल्या हिबिंगचा मुलगा, एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, पिट्सबर्ग पेंग्विन्सकडून १३ सामने खेळलेला. सकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आला होता. मी तो पाहिला नाही. अजूनही पाहिलेला नाही.

पहिलं गिऱ्हाईक रात्रीच्या लीगमध्ये खेळणारा पंचविशीचा मुलगा. दर दोन आठवड्यांनी येतो, नेहमी एकच सांगतो, ‘अर्धा इंच, नेहमीसारखं.’ त्या दिवशी त्याने स्केट काउंटरवर ठेवले, पण हात काढला नाही. म्हणाला, “आज धार जरा कमी ठेव.”

मला वाटलं, त्याला घसरण जास्त हवी असेल. “पाच अष्टमांश करू?” मी विचारलं. त्याने मान हलवली. “तसं नाही. नुसती... कमी.”

दुपारपर्यंत असं सांगणारे अकरा जण आले.

स्केटचं पातं सुरीसारखं निमुळतं नसतं, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. साधारण तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी, गोलकीपरची त्याहून जाड. तिच्या खालच्या अंगाला लांबीभर पन्हळ पाडायची, की दोन्ही बाजूंना दोन कडा उभ्या राहतात, एक आतली, एक बाहेरची. खेळाडू वळतो, झटकन थांबतो, उलटा पळतो, ते सगळं या दोन कडांच्या जिवावर. पन्हळीची त्रिज्या (अर्धा इंच, पाच अष्टमांश ही तिचीच मापं) लहान ठेवली की ती खोल होते आणि बर्फ घट्ट पकडते. त्रिज्या वाढवली की पन्हळ उथळ, पकड सैल, घसरण लांब. आधी हिऱ्याच्या टोकाच्या ड्रेसरने घासायच्या चाकाला तो गोलावा द्यायचा, मग पातं एकाच दाबाने, एकाच चालीने पुढे न्यायचं. ठिणग्या टाचेपासून चवड्यापर्यंत सारख्या पडल्या पाहिजेत. दोन्ही कडा एका पातळीत आल्या का ते बघायचं, शेवटी दगडाने बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची बारीक कूस, काढायची आणि नख फिरवायचं. नखाचा बारीक कीस निघाला की जोड तयार. दिवसाला साठ-सत्तर जोड होतात आणि आजवर एकाही जोडीला हात लावताना मला भीती वाटली नव्हती. त्या सकाळी कीस निघाला आणि मी बोट मागे घेतलं.

त्या अकरा जणांना मी एकच उत्तर दिलं, आणि ते उत्तर माझ्या आजीचं होतं. आमच्या गल्लीत शिकलगार यायचे. सायकल स्टँडवर चढवून पायडल मारत विळ्या-कात्र्यांना धार लावायचे. विळी त्यांच्या हातात देताना आजी दरवेळी बजावायची, “नीट लावा हो. बोथट विळीच हात कापते.” बोथट विळीला जोर लावावा लागतो, भाजी निसटते आणि बोट पात्यावर जातं. बर्फावरही तसंच. कड बोथट असली तर वळताना पाय निसटतो आणि माणूस दुसऱ्यांच्या पायांत जाऊन पडतो. शिवाय नव्वद किलोचा माणूस वेगात येत असेल तर धार काढून घेतलेली पट्टीही पोलादाचीच असते. “धार माझ्यावर सोड,” मी सांगत होतो, “तू गळ्याचं बघ.”

गळ्याचं बघायला आमच्याकडे मोठ्या मापाचे नेक गार्ड, म्हणजे गळ्याभोवती बांधायचे संरक्षक पट्टे, चौदाच होते. सकाळी दहाच्या आत संपले. एरवी वर्षभरात एवढेही खपत नाहीत.

कॅनडात मुलांच्या नोंदणीकृत हॉकीत गळ्याचा गार्ड सक्तीचा आहे. गार्ड नसेल तर पोराला बर्फावर उतरता येत नाही. म्हणून लहान मापांचा ढीग कायम असतो. मोठं झालं की तो गार्ड सुटतो. गरम होतं, टोचतं, आणि मोठ्या खेळाडूंच्या गळ्यात तो टीव्हीवर दिसत नाही. हे मी चौदा वर्षं बघत होतो आणि बघितलं नव्हतं. त्या दिवशी रांगेत एक नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. सराव संपवून तशीच आलेली, गळ्यात गार्ड. शेजारी तिचा बाप, तोही खेळणारा, खांद्यावर स्वतःची बॅग, गळा उघडा. त्या दोघांकडे बघत मी मशीन चालू करायचं विसरलो.

बाराच्या सुमाराला आमचे मॉन्ट्रियलचे आजोबा आले. त्यांना दुकानात सगळे ओळखतात. पंचाहत्तरी गाठलेली, आठवड्यातून दोनदा अजून बर्फावर उतरतात आणि धार होईपर्यंत माझ्या खिडकीशी उभे राहून जुन्या गोष्टी सांगतात. या खेळाचं जे काही मला कळतं ते निम्मं त्यांच्याकडून. ३ मार्च १८७५ ला मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकवर जेम्स क्रेटन यांनी छताखालचा पहिला सामना भरवला, एका बाजूला नऊ-नऊ जण, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तेव्हा चेंडूऐवजी लाकडाची चपटी चकती घेतली होती. चेंडू उसळून बघणाऱ्यांना लागला असता. चकती बर्फ सोडत नाही. तिथल्या ‘गॅझेट’ वर्तमानपत्रात तशी सूचनाही आली होती. म्हणजे पहिल्याच दिवशी कुणीतरी इजेचा विचार केला होता, पण तो बघणाऱ्यांसाठी. खेळणाऱ्यांची पाळी यायला फार वेळ लागला.

त्या दिवशी आजोबा गोष्ट सांगायच्या मनःस्थितीत नव्हते. तरी बोलायला लागले, बहुधा गप्प राहवत नव्हतं म्हणून.

“प्लांटला भित्रा म्हणायचे,” ते म्हणाले. “मी अकरा वर्षांचा होतो. आमच्याच गल्लीत म्हणायचे.”

१ नोव्हेंबर १९५९, न्यूयॉर्क. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा गोलकीपर जाक प्लांट याच्या तोंडावर अँडी बाथगेटचा फटका बसला आणि चेहरा फाटला. सरावात तो मुखवटा घालायचा, सामन्यात घालायला प्रशिक्षक टो ब्लेक यांची परवानगी नव्हती. टाके घालून झाल्यावर प्लांट म्हणाला, मुखवट्याशिवाय परत जाणार नाही. संघाकडे बदली गोलकीपर नव्हता, म्हणून ब्लेकना मान्य करावं लागलं. सामना मॉन्ट्रियलने ३-१ जिंकला, त्या हंगामात एनएचएलचा विजेतेपदाचा चषक, स्टॅन्ली कपही जिंकला. आज गल्लीतल्या रबरी चेंडूच्या खेळातही गोलकीपर मुखवट्याशिवाय उभा राहत नाही.

मी विचारलं, “मग डोक्याला हेल्मेट कधी आलं?”

“माणूस गेल्यावर,” ते म्हणाले, “आणि तरी लगेच नाही.”

१९३३ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये एडी शोअरने मागून दिलेल्या धक्क्याने एस बेलीची कवटी फुटली. तो जगला, पण पुन्हा खेळला नाही. १९६८ च्या जानेवारीत मिनेसोटाचा बिल मास्टरटन उताणा पडून बर्फावर डोकं आपटलं आणि दोन दिवसांनी गेला. एनएचएलमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं १९७९ मध्ये, तेही नव्याने करार करणाऱ्यांना. जुन्यांना सूट. त्या सुटीतला शेवटचा, क्रेग मॅक्टॅव्हिश, १९९७ मध्ये निवृत्त होईपर्यंत उघड्या डोक्याने खेळत होता. डोळ्यांपुढच्या काचेचंही २०१३ मध्ये तसंच झालं.

आणि गळा? आमच्या इथून बफेलो गाडीने दोन तासांवर. तिथे २२ मार्च १९८९ ला गोलकीपर क्लिंट मालार्चुकच्या गळ्याची मोठी शीर स्केटने कापली गेली. संघाचा ट्रेनर जिम पिझुटेली हा व्हिएतनामच्या युद्धात वैद्यकीय पथकात होता. त्याने नुसत्या बोटांनी ती शीर दाबून धरली, म्हणून मालार्चुक वाचला. ते दृश्य टीव्हीवर सगळ्या अमेरिकेने पाहिलं. त्यानंतरही ३४ वर्षं मोठ्यांच्या लीगमध्ये गळा उघडाच राहिला.

जुन्यांना सूट हा शब्द मला तेव्हापासून सहन होत नाही. टूलरूममध्ये चष्म्याची सक्ती झाली तेव्हा वीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रींनाही दुसऱ्या दिवशीपासून चष्मा लावावा लागला. ठिणगी माणसाची नोकरी किती वर्षांची ते बघत नाही, पातंही बघत नाही. जॉन्सननंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या सगळ्या स्पर्धांत गळ्याचा गार्ड सक्तीचा केला. हे मला पटतं. एनएचएलने ठरवलं ते २०२६-२७ च्या हंगामापासून, आणि पुन्हा फक्त नव्याने येणाऱ्यांना.

आजोबांचे स्केट झाले. त्यांनी नख फिरवून बघितलं, मान डोलावली आणि विचारलं, “मोठ्या मापाचा आहे का एखादा?”

नव्हता. वाट पाहणाऱ्यांची यादी मी काउंटरवरच्या वहीत सुरू केली होती. त्यांचं नाव एकोणतिसावं.

तीनच्या सुमाराला घरून फोन आला. बायको सहसा कामाच्या वेळी फोन करत नाही. बातमी तिलाही कळली होती. तिने जेवलात का वगैरे विचारलं नाही. “अहो, तुम्ही मंगळवारी खेळायला जाता, तेव्हा ते गळ्याचं घालता का?”

मी चाळिसाव्या वर्षी स्केटवर उभं राहायला शिकलो. मंगळवारी रात्री साडेदहाला आमचा खेळ असतो, सगळे माझ्यासारखेच, कारखान्यातले, ट्रक चालवणारे, दोन पंजाबी भाऊ. आमच्यातला एकही जण गार्ड घालत नव्हता. दिवसभर मी ज्यांना गळ्याचं बघ म्हणून सांगत होतो, त्यांच्यातलाच मी एक होतो, आणि तिने विचारेपर्यंत ते माझ्या मनातही आलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो.

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “मग या मंगळवारी जाऊ नका.”

संध्याकाळी सातला शटर ओढायच्या आधी वही बघितली. ४२ नावं झाली होती. खाली मी माझं लिहिलं, आणि त्याखाली मंगळवारच्या बाकी पंधरा जणांची, त्यांना न विचारता. रात्री एकेकाला फोन केले.

माल यायला पाच आठवडे लागले. त्या पाच मंगळवारी आम्ही रिंकवर गेलो नाही.