दोनदा नाही, तीनदा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. इराणात झालेल्या आमच्या लग्नाची कॅसेट ज्यांनी ज्यांनी पाहिली, त्यांनी कधी ना कधी विचारलंच: लग्न लावणाऱ्या मोबेदांनी 'पसंत आहे का' विचारल्यावर तू दोनदा गप्प बसलीस, ते का? मनाविरुद्ध होतं का? घोलवडच्या शेजारणींनी विचारलं, शाळेतल्या मैत्रिणींनी विचारलं, गेल्या महिन्यात भिशीत पुन्हा विषय निघाला. तीस वर्षं माझं एकच उत्तर, ती रीत आहे.

आणि रीत आहेच. इराणातल्या यझ्द शहराकडे आमच्या जरथोस्ती, म्हणजे पारशांच्याच धर्मातल्या, लग्नविधीला गवाहगीरी म्हणतात. गवाह म्हणजे साक्षीदार. मोबेद, म्हणजे आपल्या इथले दस्तूर, साक्षीदारांसमोर नवरीला विचारतात, हा तुला पसंत आहे का? ती बोलत नाही. बायका ओरडतात, नवरी फुलं वेचायला गेलीय. दुसऱ्यांदा विचारलं की ओरडतात, गुलाबपाणी आणायला गेलीय. तिसऱ्यांदा ती 'बले' म्हणते, म्हणजे हो. हे फुलांचं वाक्य इराणात मुसलमानांच्या लग्नातही चालतं. इथल्या पारशी-इराणी लग्नात 'पसंदे कर्दम', म्हणजे मी पसंत केलं, असं लगेच उत्तर द्यायचं असतं, म्हणून तुम्हाला ते गप्प बसणं खुपतं. एक विचारते, रागावू नका. तुमच्याकडे अंतरपाट धरतात, मंगलाष्टकं होतात, अक्षता पडतात. या सगळ्यात नवरीला 'तुला पसंत आहे का' असं कोण विचारतं? आमच्याकडे निदान तीनदा विचारतात.

हे ऐकवलं की समोरची बाई गप्प व्हायची आणि मला बरं वाटायचं. आता तसं वाटत नाही.

मी एकुलती एक. आमच्या जुन्या ग्रंथांत लग्नाच्या बायकोचे पाच प्रकार सांगितलेत, आणि माझी ममस, म्हणजे आजी, ते भाजीच्या नावांसारखे घडाघडा म्हणायची. त्यातले चार सांगते. आईबापांच्या संमतीनं पहिल्यांदा लग्न करते ती पादशाहजन. विधवा पुन्हा लग्न करते ती चाकरजन. बापाला दुसरं मूल नसेल तर ती अयूकजन, तिचा पहिला मुलगा तिच्या बापाच्या नावानं वाढायचा. घरच्यांना न जुमानता करते ती खुदसरजन. हे नियम आज कुणी पाळत नाही, पण ममसच्या तोंडी 'खुदसर' हा शब्द आला की आमच्या घरात बोलणं थांबायचं. आणि मी तर अयूक. बाबांची चिकूची वाडी, बाबांचं नाव, सगळं माझ्यावर येऊन थांबलेलं.

यावर कुणी म्हणतं, किती जुनाट लोक तुम्ही. तसं म्हणू नका. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या इराणात आमची माणसं पंचवीस हजारांच्या आसपास भरली. तिथल्या दिवाणी कायद्यात आजही कलम आहे की बिगरमुसलमान घरातल्या एका वारसानं इस्लाम स्वीकारला, तर सगळी इस्टेट त्याची. अशा ठिकाणी लग्न ही दोघांपुरती गोष्ट राहत नाही. माझे आजोबा तिथून निघून इकडे आले, पण ती भीती सोबत घेऊनच आले. म्हणून मुलगा तिकडचा शोधला, यझ्दकडच्या तफ्तजवळच्या गावातला, लांबच्या नात्यातला. मी बावीस वर्षांची होते. त्याला मी लग्नाच्या चार दिवस आधी पाहिलं. दुसरं कुणी मनात होतं का, हेही विचारता तुम्ही. नव्हतं. मला फक्त अजून ठरवायचं होतं.

१९९४ सालची गोष्ट. मातीच्या भिंतींचं अंगण, मध्ये डाळिंबाचं झाड. माझ्या डोक्यावर हिरवी रेशमी ओढणी. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून मामेभाऊ नवऱ्यामागे उभा राहिला. त्यानं हिरव्या रुमालात अंडं, डाळिंब, कात्री आणि खडीसाखर घेऊन तो नवऱ्याच्या डोक्यावर धरला होता. रुमालातून कात्रीचं टोक बाहेर आलेलं दिसत होतं आणि मी त्याच्याकडेच बघत होते. मोबेदांनी विचारलं. मी गप्प, शिकवल्याप्रमाणे. फुलं. पुन्हा विचारलं. गुलाबपाणी. तिसऱ्यांदा विचारलं, आणि माझं तोंड उघडलं नाही.

तुम्ही दोनदा मोजता. मी तीनदा गप्प होते. कॅसेटमध्ये तेवढ्यात कॅमेरा बायकांकडे वळलाय, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही.

बायका हसल्या. कुणी म्हणालं, लाजतेय. कुणी माझ्यावर मूठभर तांदूळ आणि आवीशन उधळलं; त्या सुकल्या पाल्याला आपल्या ओव्यासारखा वास येतो, त्यातला थोडा ओठांना चिकटला. त्या क्षणी मला कळलं की मी आणखी तासभर अशीच बसले तरी कुणाला काही समजणार नाही. माझ्या गप्प बसण्याला आधीच नाव होतं. आईचा हात माझ्या पाठीवर आला. मोबेदांनी चौथ्यांदा विचारलं आणि मी 'बले' म्हणाले. 'हबीरो शाबाश'चा गजर झाला, टाळ्या झाल्या, रात्री ते अंडं छपरापलीकडे भिरकावलं गेलं.

आईचा तो हात धीर देणारा होता की ढकलणारा, हे मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही.

नवरा चांगला आहे. माझ्यासाठी तो देश सोडून वाडीत आला, मराठी शिकला, झाडावर चढून चिकू काढायला शिकला. त्याला हे सगळं मी सांगितलंय. तो म्हणाला, "मला वाटलं तू विसरलीस." तेव्हा मला त्याचा राग आला होता. नंतर वाटलं, बिचाऱ्यानं दुसरं काय समजायचं होतं? अजून वाटतं की एकदा तरी माझ्याकडे वळून बघायचं होतंस.

मग बळजबरी होती का? नाही म्हणावं तर तो चौथा प्रश्न आठवतो. हो म्हणावं तर मला कुणी धमकावलं नव्हतं, विमानात मी माझ्या पायांनी चढले होते.

आता मुलीचं ठरतंय. लग्न इथेच, दस्तुरांनी विचारलं की 'पसंदे कर्दम' म्हणायचं. ती म्हणते, "आई, मी पहिल्या झटक्यात म्हणणार." काल रात्री मी तिला म्हणाले, घाई करू नकोस, दोनदा थांब.

"का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, रीत आहे.