अपुऱ्या दिवसांचं मूल आणि मैदान

३७ आठवड्यांआधी जन्मलेलं मूल शाळेत जायला लागलं, की ते खेळात मागे का राहतं, असा प्रश्न पालकांना पडतो. त्याला आळशी म्हणू नका. विशेषतः ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांत तोल, चेंडू झेलणं, हातापायांचा मेळ यांच्या अडचणी जास्त दिसतात. काहींची फुप्फुसंही थोडी कमी क्षमतेची असतात. जमत नाही म्हणून मूल खेळ टाळतं, सराव घटतो आणि दरी वाढते. खरं नुकसान इथे होतं.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. ती एका दमात करायची गरज नाही. १०-१० मिनिटांचे तुकडे करा, दर आठवड्याला थोडी वाढ करा. खेळताना मुलाला वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तुटत असेल तर वेग कमी करा.

झेलायला आधी फुगा द्या. तो हळू येतो, डोळ्यांना वेळ मिळतो. मग मोठा मऊ चेंडू, लहान चेंडू सर्वांत शेवटी. चेंडू सतत चुकत असेल तर नजर तपासून घ्या.

धावल्यावर खोकला किंवा छातीत घरघर होत असेल तर खेळ कायमचा बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ओठ निळे पडले तर मात्र लगेच थांबवून तातडीने दवाखाना गाठा.