तुम्ही विचारलंत म्हणून: ते पिवळं लेबल गेलं का?

"अगं अमेरिकेत म्हणे फ्रिज-एसीवरचं वीज बचतीचं लेबलच संसदेने रद्द करून टाकलं, मग आता घ्यायचं तरी काय बघून?" 2025 च्या मे महिन्यापासून हा प्रश्न मला सांगलीहून मावशीने विचारला, इथे ओहायोत गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना तिघांनी विचारला, आणि मी काही वर्षं फ्रिज टेस्ट करणाऱ्या लॅबमध्ये काम केलंय हे ज्यांना माहितीय ते सगळेच विचारतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

लेबल गेलेलं नाही. अमेरिकेत दुकानातल्या फ्रिजवर जो पिवळा कागद असतो, एनर्जीगाइड, तो 1980 पासून आहे आणि तो फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमाने लागतो, त्याला संसदेच्या ठरावाने हात लावलेला नाही. 9 मे 2025 ला ट्रम्प यांनी सरकारी नियम रद्द करणाऱ्या संसदेच्या 4 ठरावांवर सह्या केल्या, त्यातला एक ऊर्जा खात्याच्या ऑक्टोबर 2024 च्या नियमावर होता. त्या नियमाच्या नावात लेबलिंग हा शब्द होता, तेवढाच बातमीत गेला आणि सगळ्यांना वाटलं लेबलच काढलं. बाकीचे 3 ठराव टाकीशिवायचे गॅस वॉटर हीटर, दुकानं-हॉटेलांचे फ्रिज-फ्रीझर आणि आत चालत जाता येतं असे मोठे कूलर, यांच्या वीज-गॅस वापराच्या मर्यादांवर होते.

मग रद्द काय झालं? तर लेबलच्या मागचं कागदी काम. कंपनीने मशीन टेस्ट करायचं, वीज वापराचे आलेले आकडे ऊर्जा खात्याला ठरलेल्या फॉर्ममध्ये कळवायचे, काही व्यावसायिक मशिनांवर काय छापायचं, आणि खात्याला शंका आली तर त्यांनी तपासायचं कसं, असं सगळं त्या नियमात होतं. बऱ्याच वस्तूंच्या टेस्ट करायच्या पद्धती मधल्या काळात बदलल्या होत्या आणि फॉर्म मात्र जुनेच राहिले होते, ते जुळवून घ्यायला तो नियम आणला होता. आता जुना फॉर्म परत आला. म्हणजे कंपन्या आकडे कळवतातच, तसं कोणी थांबलेलं नाही, पण चाचणी नवी आणि फॉर्म जुना अशी अवस्था.

तुम्ही म्हणाल यात एवढं जीव टाकण्यासारखं काय आहे. मला आहे, कारण तो आकडा कसा येतो ते मी पाहिलंय. फ्रिज एका खोलीत ठेवतात, खोलीचं तापमान 90 फॅरनहाइट म्हणजे आपलं 32 सेल्सिअस, दार पूर्ण बंद. घरात कोणी एवढ्या उकाड्यात दार न उघडता फ्रिज वापरत नाही, पण घरात सारखं दार उघडलं जातं आणि आत गरम भांडी जातात त्याची भरपाई म्हणून खोली तापवलेली असते. आत सेन्सर नुसते लटकवत नाहीत, पितळेच्या किंवा तांब्याच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात, कारण मोकळ्या हवेचा आकडा कंप्रेसर चालू-बंद झाला की लगेच उडी मारतो, आणि धातूचा ठोकळा आत ठेवलेल्या अन्नासारखा हळूहळू थंड-गरम होतो. सेन्सर एखाद दोन इंच इकडचा तिकडे झाला तर आम्ही टेस्ट पुन्हा लावायचो. एवढं करून जो आकडा येतो तो फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात आणि कोणत्या पद्धतीने काढला म्हणून लिहायचा हे स्पष्ट नसेल तर दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना कशी करणार?

कागदपत्रांचा त्रास होतो हे कंपन्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, ते फॉर्म मी स्वतः भरलेत आणि लहान कंपनीत तेच काम करायला एखादाच माणूस असतो. पण त्यासाठी नियम सुटसुटीत करता आला असता. मला वाईट वाटतं ते वापरलेल्या हत्याराचं. काँग्रेशनल रिव्ह्यू अॅक्ट हा 1996 चा कायदा, त्यात खात्याचा ताजा नियम रद्द करायचा ठराव साध्या बहुमताने करता येतो, सिनेटमध्ये एरवी लागतात ती 60 मतं लागत नाहीत, आणि एकदा नियम रद्द झाला की काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, नवा कायदा केल्याशिवाय खात्याला जवळजवळ तसाच नियम परत आणता येत नाही. मसुदा, हरकती, सूचना, परत मसुदा असं करत आणलेल्या तांत्रिक नियमाला ही शिक्षा फार मोठी आहे. उद्या दुसरं सरकार आलं तरी फॉर्ममधले ते रकाने दुरुस्त करायला खात्याचे हात बांधलेलेच राहतील.

आणि या सगळ्याने फरक पडतो का, तर पडतो हो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतला साधारण फ्रिज वर्षाला 1,800 युनिटच्या आसपास वीज खायचा, आजचा त्याच्यापेक्षा मोठा असून साधारण त्याच्या एक तृतीयांशात भागतं. इन्सुलेशन सुधारलं, कंप्रेसर सुधारले, पण आधी कॅलिफोर्नियाने आणि मग केंद्राने मर्यादा घातल्या आणि मोजायला लावलं म्हणून ते सगळ्या कंपन्यांनी केलं.

मावशीला मी तेच सांगितलं जे तुम्हाला सांगते. तुझ्याकडचं बीईईचं, म्हणजे भारतातल्या वीज बचतीच्या सरकारी संस्थेचं, स्टार लेबल वेगळ्या देशाचं, वेगळ्या कायद्याचं, त्याला इथल्या ठरावाने काही होत नाही. तारे मोजू नकोस, खाली वर्षाचे युनिट लिहिलेत ते बघ आणि लेबल कुठल्या काळापर्यंतचं आहे ते बघ, कारण ताऱ्यांचे निकष मधून मधून कडक होतात, जुने 5 तारे आणि नवे 5 तारे एक नव्हेत. इथल्यांनी पिवळ्या लेबलवरच्या मोठ्या डॉलरच्या आकड्यावर जाऊ नका, तो देशाच्या सरासरी दराने काढलेला असतो, खालचे युनिट घ्या आणि आपल्या बिलातल्या दराने गुणा. आणि दुकानात उभे असताना मॉडेल नंबरचा फोटो काढा, ऊर्जा खात्याची कंपन्यांनी कळवलेल्या आकड्यांची यादी ऑनलाइन सगळ्यांना खुली आहे, तिथे तो नंबर टाकून कंपनीने सरकारला कोणता आकडा सांगितलाय ते ताडून बघा. मी अजूनही बघते.