पहिलं पिस्तूल कोणतं घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

“ताई, पहिलं पिस्तूल घ्यायचंय. पॉइंट टू-टू, फक्त टार्गेटसाठी, खिशाला परवडेल असं. कोणतं घेऊ?”

हे मला इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर देताना माझा आवाज चढतो, ते माझं मलाच जाणवतं. “आधी महिना-दोन महिने रेंजवरची पिस्तुलं वापरून बघा,” असं मी म्हणते आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. एकाने तर तोंडावर ऐकवलं, “तुम्हाला सांगायचंच नाहीये.” सांगायचंय हो. पण त्यामागे जे आहे ते उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आधी नावं, म्हणजे टाळलं असं कुणी म्हणायला नको. रुगर मार्क फोर किंवा ब्राउनिंग बक मार्क, दोन्ही पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीची. यांतलं जे तुमच्या मुठीत बसेल ते, आणि मागची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, स्क्रूने हलवता येते असंच मॉडेल. बक मार्क १९८५ पासून बनतंय, रुगरची ही मालिका तर १९४९ पासूनची. त्यामुळे मॅगझिन, स्प्रिंगा, ग्रिप मिळतात आणि दुरुस्ती जाणणारी माणसंही मिळतात. मार्क थ्रीपर्यंतचं जुनं रुगर वापरलेलं मिळालं तरी चांगलंच, फक्त साफ करायला उघडलं की परत जोडताना जीव मेटाकुटीला येतो. २०१६ मध्ये आलेल्या मार्क फोरमध्ये मागचं एक बटण दाबलं की काम होतं. त्यांतली सुरुवातीची पिस्तुलं २०१७ मध्ये सेफ्टीच्या दोषामुळे कंपनीने परत मागवली होती, तेव्हा वापरलेलं घेणार असाल तर ती दुरुस्ती झालीय ना, एवढं विचारून घ्या.

रिव्हॉल्व्हरबद्दलही विचारतात. हॅमर अंगठ्याने मागे ओढून एकेक गोळी मारणार असाल तर खुशाल घ्या. नुसता ट्रिगर ओढून मारायचं म्हणाल तर रिमफायरची, म्हणजे मसाला बुडाच्या कडेत असलेल्या या काडतुसाची, कड चेपायला जोराचा ठोका लागतो, त्यासाठी स्प्रिंग कडक ठेवतात आणि ट्रिगर जड होतो. पहिल्या वर्षी त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. २५ मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान १००० ग्रॅम असावं लागतं. त्याहून थोडं जास्त चालेल, पण तो काच तुटावी तसा एकदम सुटला पाहिजे.

झालं. नावं मिळाली. आता माझं ऐका.

माझं पहिलं पिस्तूल यांतलं नव्हतं. छोटं होतं, जेमतेम अर्धा किलोचं, मोठ्या सर्व्हिस पिस्तुलाची लहान प्रतिकृती असावी तसं. पुढची साइट स्लाइडमध्येच, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागातच, घडवलेली, मागची जागेवर पक्की. माझा हात लहान, म्हणून पिस्तूल लहान, असा सरळ हिशेब मी केला. तो चुकीचा आहे हे आज कळतं. हात लहान असेल तर ट्रिगरपर्यंतचं अंतर बघायचं, तर्जनीचं पहिलं पेर ताण न देता ट्रिगरवर सपाट टेकतं का ते बघायचं. वजन तर हवंच. किलोभराचं पिस्तूल हातात कमी थरथरतं. पण तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. खरं तर आमच्या सरांनी सांगितलं होतं. मी विकत घेऊन आल्यावर त्यांच्याकडे गेले, एवढंच.

पहिल्या दिवसापासून गोळ्या खाली लागायच्या. २५ मीटरवर काळ्या वर्तुळाच्या मध्यापासून जवळजवळ दहा सेंटिमीटर खाली आणि जराशा डावीकडे. एखाद-दुसरी नाही, सगळ्या. आणि घोळक्याने. तो घोळका बघून माझी खात्री पटली: मी नीट मारतेय, साइट चुकीची आहे. विखुरल्या असत्या तर माझा दोष म्हटला असता, असं मी सरांनाही सुनावलं. त्यांनी टार्गेटचा कागद हातात घेतला, पाहिला आणि म्हणाले, “महिनाभर थांब. पिस्तुलाला हात लावू नकोस.”

मी चार दिवस थांबले.

हिशेब मला येत होता, आणि तिथेच घात झाला. माझ्या दोन साइट्समधलं अंतर १३ सेंटिमीटर. म्हणजे साइटमधली एक मिलिमीटरची चूक २५ मीटरवर १९ सेंटिमीटर होऊन दिसते. गोळी दहा सेंटिमीटर वर आणायची तर पुढची साइट अर्धा मिलिमीटर कमी करायची. मी पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं, टेबलावर कापडात गुंडाळून धरलं आणि बारीक कानस फिरवली. एका दिशेने, हलक्या हाताने, दर पाच-सहा फेऱ्यांनी मोजत. काम सुबक झालं, हे मी आजही म्हणेन. घासलेल्या जागी काळा थर जाऊन पांढरा धातू चमकायला लागला, त्यावर मार्कर फिरवला. दुसऱ्या दिवशी गोळ्या मध्यात. मी कागद सरांपुढे ठेवला. ते काही बोलले नाहीत. त्या गप्प राहण्याचा अर्थ मी कौतुक असा लावला.

मग दोनेक महिन्यांनी एक काडतूस फुसकं निघालं. रिमफायरमध्ये हे होतंच. ठिणगी देणारा मसाला काडतुसाच्या कडेत आतून फिरवून बसवलेला असतो. तो कुठे तरी पोहोचलेला नसतो आणि फायरिंग पिन नेमकी तिथेच पडते. नुसता टक् आवाज झाला. आणि त्या टक् बरोबर माझ्या हातातलं पिस्तूल खाली गेलं. झटका नाही, आवाज नाही, धूर नाही, आणि तरीही नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली झुकलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पुढची साइट काळ्या वर्तुळाच्याही खाली घसरताना पाहिली. गोळी सुटणार म्हणून माझं मनगट आधीच पिस्तूल खाली ढकलत होतं. दर वेळी. तितकंच. म्हणून तर घोळका होता.

नियमाप्रमाणे पिस्तूल टार्गेटकडेच रोखून तीस सेकंद थांबावं लागतं, काडतूस उशिराने पेटलं तर म्हणून. ते तीस सेकंद मी विसरलेले नाही. सर मागेच उभे होते. त्यांनी पाहिलं, आणि त्यांनी पाहिलं हे मला कळलं. “मॅगझिन काढ,” एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे पाठ करून त्यांनी पाच खऱ्या काडतुसांत दोन खोटी, म्हणजे न उडणारी, मिसळली आणि मॅगझिन माझ्या हातात दिलं. कितवं खोटं, ते मला ठाऊक नाही. त्यानंतरचे कित्येक आठवडे हाच सराव.

दचकणं गेलं. पूर्ण जात नाही, पण गेलं. आणि जसजसं ते गेलं तसतशा गोळ्या वर सरकायला लागल्या. मध्यापासून दोन सेंटिमीटर वर, पाच वर, शेवटी नऊ-दहा. पिस्तूल मुळात बरोबर होतं. मी ते माझ्या दोषाच्या मापाने कापलं होतं, आणि घासलेला धातू परत येत नाही. भर म्हणून मार्कर झिजला की साइटवर उजेड चमकायचा आणि नेम कुठे आहे तेच दिसेनासं व्हायचं.

आता कुणी म्हणेल, नेम तेवढा खाली धरायचा. धरला की. वर्षभर काळ्या वर्तुळाच्या तळाखाली नेम धरूनच मारत होते, आणि गुण वाईट नव्हते. स्वस्तातल्या छोट्या पिस्तुलावर शिकता येत नाही असं माझं मुळीच म्हणणं नाही. मी शिकले.

म्हणून मी ॲडजस्टेबल साइटचा हट्ट धरते. पण इथे माझंच मला पटत नाही. समजा माझ्याकडे तेव्हा तशी साइट असती, तर मी कानस कशाला घेतली असती? स्क्रूड्रायव्हर घेऊन आठ-दहा क्लिक फिरवल्या असत्या, गोळ्या मध्यात आल्या असत्या आणि दचकणं वर्षानुवर्षं झाकून राहिलं असतं. कागद सुंदर दिसला असता. सावकाश नेम धरून मारताना कुणाला कळलंही नसतं. भरभर पाच गोळ्या मारायची वेळ आली की सगळं उघडं पडलं असतं, तेव्हा मी बहुधा पिस्तूलच बदललं असतं. कापलेल्या साइटने निदान मला खोटं बोलू दिलं नाही. हे मी स्वतःचं समाधान करून घेण्यासाठी म्हणतेय की खरंच तसं आहे, ते मला ठरवता येत नाही.

तेव्हाच्या मला एक गोष्ट मात्र विचारावीशी वाटते. तेच पिस्तूल दहा गोळ्यांसाठी दुसऱ्या कुणाच्या हाती का दिलं नाहीस? वाळूच्या पिशवीवर टेकवून चांगल्या नेमबाजाने दहा मारल्या असत्या तर अर्ध्या तासात निकाल लागला असता. ती म्हणेल, माझं पिस्तूल आहे, मला माहीत आहे. हेच मी आता तुमच्या तोंडून ऐकते आणि माझा आवाज चढतो.

परवडण्याबद्दल थोडं. पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, काडतुसं सतत. सगळे पैसे पिस्तुलात घालून महिन्याला एक डबी मारण्यापेक्षा साधं पिस्तूल आणि भरपूर सराव बरा. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, म्हणजे साध्या वेगाची, ४० ग्रेनच्या (सुमारे २.६ ग्रॅम) गोळीची तीन-चार प्रकारची काडतुसं आणा. एकच पिस्तूल एका डबीवर अडखळतं आणि दुसरीवर घड्याळासारखं चालतं. दुकानदाराचं नाही, पिस्तुलाचं ऐका. आणि घरी रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगर ओढायचा सराव करण्याआधी त्या मॉडेलला तो चालतो का, हे माहितीपुस्तिकेत बघा. काही रिमफायर पिस्तुलांत पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती कड दबते.

या शनिवारी ज्यांना यायचंय त्यांनी या. माझी दोन्ही पिस्तुलं आणते, ते कापलेलंसुद्धा. दोन्हींवर मारून बघा. मॅगझिन मात्र मी भरीन, आणि कितवं खोटं आहे ते विचारू नका.