व्हय म्हाराजा

मे महिन्यात गोव्यात पेडण्याकडच्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, शेजारच्या पोरानं स्कूटर दुरुस्तीचं दुकान काढलं. उद्घाटनाला मंत्री नव्हता की रिबन नव्हती. शटरासमोर केळीच्या पानावर नारळ, विडा, सुपारी आणि देवाला गाऱ्हाणं घालायला वाड्यावरचे भाऊ. पोरगा हात पुसत मागे उभा. भाऊंनी घसा खाकरला, "बा देवा म्हाराजा..." आणि आम्ही सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

पुण्याहून सुट्टीला आलेला माझा भाचा मात्र "हो" म्हणाला. तेही सगळ्यांचं म्हणून झाल्यावर. भजन रंगात यावं आणि कुणाच्या तरी खिशात मोबाईल वाजावा, तसं ते "हो" वाजलं.

गाऱ्हाणी मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्या "हो"मुळे पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं. भाऊ एरवी अबोल माणूस. दुधाचा हिशेब चुकला तरी तोंड उघडायचे नाहीत. पण नारळासमोर उभे राहिले की वकील होतात. आधी देवांचा मान. गावचा, वेशीवरचा, कोपऱ्यातल्या पेडावरचा, कुणी राहिला तर रुसेल म्हणून एकूण एक. मग अशिलाची गरिबी, "तुझ्या लेकरान कर्ज काडून धंदो मांडलो आसा." मग चूक आधीच कबूल, "काय चुकलां-माकलां तां पदरात घे." देव असा चहूबाजूंनी बांधला गेला की मग मागणं, "पाचाचे पंचवीस कर." आणि दर वाक्याच्या टोकाला आमचं "व्हय".

देवानं ऐकलं का ते देव जाणे. पण इतक्या वेळा "व्हय" म्हटल्यावर आता माझी स्कूटर दुरुस्तीला म्हापशाला न्यायची मलाच लाज वाटते. भाऊ पटवत होते देवाला. पटलो आम्ही.

पणजीला ज्या कचेरीत मी नोकरी केली तिथंही महिन्याला एकदा गाऱ्हाणं व्हायचं. मानकरी टाय बांधून यायचे. टार्गेट, पाइपलाइन, फॉलोअप अशा सगळ्या देवांची नावं घेऊन झाली की शेवटी विचारायचे, "आपण सगळे अलाइन्ड आहोत ना?" टेबलाभोवतून "येस सर" उठायचं. एकदा एका नव्या मुलानं भाबडेपणानं विचारलं, "अलाइन्ड म्हणजे नेमकं काय करायचं?" सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. भाच्याकडे पाहिलं, तसंच. (त्याचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता. पण "येस" वेळेवर म्हणायची मला सवय होती.)

जॉन स्वेल्स नावाच्या भाषा-अभ्यासकानं १९९० मध्ये अशा मंडळींची लक्षणं मांडली. हेतू एक, आपसांत बोलायच्या ठरलेल्या रीती, आपले खास शब्द, आणि थोडे जाणते, थोडे नवशिके. त्यानं दिलेलं एक उदाहरण मला फार आवडतं. हाँगकाँगची टपाल तिकिटं जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं आणि तो स्वतः त्याचा सभासद होता. माणसं देशोदेशी पांगलेली, कितीकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही, पण एका पत्रिकेच्या आधारानं सगळी एका वाड्यावरची. त्यांचं "व्हय" टपालानं जात असणार.

गोव्यात मात्र एक माणूस एका वेळी तीन-चार वाड्यांवर राहतो. मासळी कोंकणीत, आरती मराठीत, बँकेचा अर्ज इंग्रजीत. त्यामुळे कुणाला कुठल्या भाषेत पटवायचं, याची आमच्याकडे फार जुनी जाण आहे. १६ जानेवारी १९६७ चा सार्वमत कौल घ्या. गोव्यानं महाराष्ट्रात जायचं तर मतपत्रिकेवर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. विलीनीकरणाविरुद्ध झुंजणारं 'राष्ट्रमत' हे दैनिक होतं मराठी. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे गाजलेलं सदर त्यातच यायचं, मराठीतच. महाराष्ट्रात जाऊ नका, हे मराठीतून सांगायचं! कारण उघड होतं. ज्यांचं मन वळवायचं ते घरी काहीही बोलोत, पेपर वाचत होते मराठी. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली.

आमचं घर फुलाचं. आजोबा रोज राष्ट्रमत वाचायचे, शिव्या घालायचे, घडी करून उशाला ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पोराला पुन्हा तोच पेपर आणायला पिटाळायचे. "व्हय" त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं नाही. पण पेपर यायला उशीर झाला की चहा गोड लागायचा नाही.

चवथीला भाचा पुन्हा आला. या खेपेला तयारीनं. आरती झाली, भाऊ गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली गाऱ्हाण्याला उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले, आणि ते तोंड उघडायच्या आत मागून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

भाऊंनी एक डोळा उघडून मागं पाहिलं. "रे बाबा, आदीं म्हाका मागूंक तरी दी!"