वूदांगची चढण

आपला गुढीपाडवा झाला की बहुतेक वर्षी साधारण दोन दिवसांनी, चिनी पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला, हुबेई प्रांतातल्या वूदांग पर्वतावर झेनवू देवाचा जन्मदिवस साजरा होतो. हे ताओ पंथाचं मोठं क्षेत्र. शिखर १६१२ मीटरवर. तिथवर केबल कार जाते, पण यात्रेकरू मोठ्या संख्येनं पायऱ्यांनीच चढतात. मीही चढले. मी आयुर्वेदाची वैद्य. ज्या वाटेवर देव आणि औषध एकत्र भेटतात ती वाट पायांनी चालायची, एवढाच माझा हट्ट होता. सोबत वुहानला चिनी वैद्यक शिकणारी मैत्रीण होती. तिच्यामुळेच मला लोकांशी बोलता आलं.

आम्ही नानयानपासून सुरुवात केली. इथलं मंदिर कड्याच्या कपारीत आहे आणि त्यातून एक कोरीव दगडी ड्रॅगन थेट दरीवर पुढे आलेला आहे. पूर्वी भाविक त्याच्या डोक्यावरच्या धूपपात्रात उदबत्ती लावायला त्या अरुंद दगडावरून सरकत जात आणि किती जण खाली पडत. १६७३ मध्ये त्यावर बंदी आली. आज तिथे अडसर आहे, लोक अलीकडूनच हात जोडतात. ती बंदी घालणाऱ्यांचे मी मनातून आभार मानले. देहाला तुच्छ मानणारी भक्ती मला कधीच पटली नाही, आणि ताओ परंपरा मला जवळची वाटते ती याच कारणानं. तिथे देह हाच साधनेचा मुख्य आधार.

चौथ्या शतकातला गे होंग हा ताओ साधक अमरत्वाच्या शोधात होता. तरी त्यानं लिहून ठेवलंय की जुन्या काळी ताओच्या वाटेला लागणारे सगळे वैद्यकही शिकत, समोर आलेलं संकट आधी निवारता यावं म्हणून. अमर व्हायचं ते पुढे. आधी शेजाऱ्याचा ताप उतरवा. त्यानं तातडीच्या उपचारांचा एक संग्रह केला, जवळ बाळगता येईल असा, आणि शक्यतो सहज मिळणाऱ्या, स्वस्त औषधांचा. त्यात थंडीतापावर एक उपाय आहे: मूठभर छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवायची, पिळायची आणि तो रस प्यायचा. उकळायची नाही. हे वाचूनच चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना कमी तापमानावर अर्क काढायचं सुचलं. त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती आलं आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. याच परंपरेत पारा आणि हिंगुळाच्या गुटिकाही होत्या. अमरत्वासाठी त्या घेऊन तांग घराण्यातले काही सम्राट दगावले, हेही सांगायलाच हवं. पुढे हळूहळू साधकांनी गुटिका बनवायच्या भट्टीपेक्षा श्वासावर आणि ध्यानावर भर दिला.

नानयानच्या पुढे लांगमेईचं छोटं देऊळ लागतं. कथा अशी की झेनवूनं मेई झाडाची फांदी लांग झाडावर खोचली आणि म्हटलं, माझी साधना फळली तर हिलाही फळ येईल. ही कथा ली शीझेन या वैद्यानं आपल्या १८९२ द्रव्यांच्या निघंटूत, म्हणजे औषधकोशात, नोंदवली आहे. तो याच हुबेईचा. मिंग काळात हे फळ सम्राटाकडे नजराणा म्हणून जाई, सामान्यांना मज्जाव होता. १६२३ मध्ये शू श्याके हा प्रवासी इथे आला, पुजाऱ्यांची मनधरणी करून त्यानं थोडी फळं मिळवली आणि आईच्या वाढदिवसासाठी घरी नेली. चढताना मला सम्राटांपेक्षा त्या आईचीच आठवण जास्त येत राहिली.

पुढची ह्वांगलोंग गुहा डोळ्यांच्या औषधासाठी नावाजलेली. पायऱ्यांच्या कडेला बायाबापड्या मुळ्या, वाळलेल्या काड्या, अळंबी मांडून बसलेल्या. मी प्रत्येकीपाशी थांबले. वास घेतला, मोडून पाहिलं, चव पाहायची मात्र टाळली.

एका देवळाशी वयस्क दाओझांग, म्हणजे ताओ पुजारी, बसले होते. मैत्रिणीनं मी कोण ते सांगितलं. त्यांनी नाडी बघायला हात मागितला. आपल्याकडे स्त्रीची डावी नाडी बघतात, म्हणून मी डावा पुढे केला. तो पाहून झाल्यावर त्यांनी उजवाही मागितला. बोटं तीनच, आपल्यासारखीच. पण आपण त्या बोटांखाली वात, पित्त, कफ शोधतो आणि ते डाव्या मनगटावर हृदय, यकृत, मूत्रपिंड, तर उजवीकडे फुफ्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. एकदा हलका दाब, एकदा खोल. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, तू रात्री उशिरा झोपतेस. कोमट पाण्यात पाय ठेव, तळवे चोळ. खरं होतं.

मी त्यांना सुन सिमियाओंबद्दल विचारलं. सातव्या शतकातल्या या वैद्याला ताओ मंदिरांत औषधराज म्हणून पूजतात. रोगी गरीब की श्रीमंत, आपला की परका, हे न बघता वैद्यानं धावलं पाहिजे असं त्यांनी लिहिलंय. त्यांच्या ग्रंथात भारतातल्या जीवक वैद्याचं वचन आहे की जगात औषध नाही अशी वस्तूच नाही. आमचा आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भटही हेच म्हणतो, असं मी सांगितलं. दाओझांग उठून उभे राहिले आणि मुठीवर तळवा ठेवून त्यांनी नमस्कार केला.

तिथून तीन स्वर्गद्वारांची जुनी वाट धरली. उंच, उभ्या पायऱ्या. इथे बोलणं बंद होतं, नुसता श्वास. माथ्यावर सोन्याचा मुलामा दिलेलं काशाचं मंदिर आहे, १४१६ सालचं. योंगले सम्राटानं ते बीजिंगमध्ये ओतवून जलमार्गानं इथे आणवलं. आत झेनवू मोकळ्या केसांनी, अनवाणी बसलेला. पंढरीची वाट चाललेल्या माणसाला ती रेटारेटी मुळीच परकी वाटणार नाही.

रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या. चढणभर त्यांचा खोकला ऐकू येत होता. मी वैद्य आहे हे कळताच त्यांनी दोन्ही मनगटं पुढे केली. मी नाडी पाहिली, पण जास्त वेळ विचारण्यात घालवला. खोकला किती दिवसांचा? संध्याकाळी ताप येतो का? वजन उतरलंय का? उत्तरं ऐकून मी मैत्रिणीला म्हटलं, यांना सांग, काढा नंतर, आधी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी. बाई म्हणाल्या, दवाखान्यानं परवा बोलावलंय, त्याआधी देवाला सांगायला आले. मग उतरताना आम्ही त्यांची पिशवी घेतली आणि केबल कारच्या ठाण्यापर्यंत त्यांच्याच चालीनं चाललो.