मंजूर झालेले, पण डिस्कवर नसलेले चित्र

ज्या शॉटविषयी लिहीत आहे तो सुपरवायझरने आर्टिस्टच्या मशीनवर, थेट न्यूक या चित्रे एकत्र जोडण्याच्या सॉफ्टवेअरच्या व्ह्यूअरमध्ये पाहून मंजूर केला होता. रात्री रेंडर फार्मवर, म्हणजे अंतिम फ्रेम तयार करणाऱ्या संगणकांच्या समूहावर, त्याचे रेंडर झाले आणि सकाळच्या तपासणीत १०४१ क्रमांकाच्या फ्रेमवर चित्राला धक्का बसल्याचे दिसले. चौकटीच्या कडेजवळची संगणकनिर्मित इमारत त्या एका फ्रेमला किंचित सरकत होती आणि पुढे शेवटपर्यंत त्या नव्या जागीच राहत होती. रेंडर विभागाने १०३१ ते १०५० या फ्रेम पुन्हा रेंडरला टाकल्या, तेव्हा धक्का नाहीसा होण्याऐवजी १०३१ वर जाऊन बसला. मग त्यांनी संपूर्ण शॉटच नव्याने रेंडर केला, धक्का गेला आणि तक्रार ‘सुटली’ म्हणून बंद झाली. दोष पुन्हा रेंडर केल्यावर मागे सरकतो, ही त्या सकाळची सर्वांत बोलकी गोष्ट होती. परंतु तक्रारी बंद करण्याच्या घाईत तिच्याकडे कोणीही लक्ष दिले नाही.

तक्रार पुन्हा उघडली ती आर्टिस्टने. नव्या रेंडरमध्ये धक्का नव्हता, पण कडेची इमारत प्लेटवर, म्हणजे प्रत्यक्ष चित्रित केलेल्या दृश्यावर, बसत नव्हती, आणि तीच स्क्रिप्ट (शॉटची न्यूक फाइल) तिच्या व्ह्यूअरमध्ये मात्र अचूक दिसत होती. स्क्रिप्टमध्ये लेन्स डिस्टॉर्शनचा आमचा स्वतःचा प्लगिन वापरलेला असल्यामुळे प्रकरण माझ्याकडे आले. हा प्लगिन मी इथे येण्यापूर्वीच नोकरी सोडून गेलेल्या एका डेव्हलपरने लिहिलेला आहे आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. प्लेटवरून मूळ कॅमेऱ्याची हालचाल आणि लेन्स शोधून काढणारा मॅचमूव्ह विभाग लेन्सचे गुणांक एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये देतो. प्लगिन ती फाइल वाचतो आणि सरळ रेंडर केलेल्या इमारतीला प्लेटच्या लेन्सइतकाच बाक देतो.

घरी लिहिलेल्या प्लगिनवर पहिला संशय थ्रेडचाच, म्हणजे एकाच वेळी समांतर चालणाऱ्या कामांचाच, घेतला जातो. न्यूक चित्राच्या ओळी वेगवेगळ्या थ्रेडना वाटून देतो, त्यामुळे दोन थ्रेड एकाच तात्पुरत्या बफरमध्ये लिहू लागले की चित्र बिघडते. पण तो बिघाड आडव्या रेघांच्या रूपात दिसतो आणि दर रेंडरला जागा बदलतो. इथे सगळे चित्र सुबकपणे सरकलेले होते. तरीही टर्मिनलमधून एकाच थ्रेडवर रेंडर करून पाहिले. उत्तर फार्मसारखेच, म्हणजे आर्टिस्टच्या दृष्टीने चुकीचे आले.

त्यानंतर व्ह्यूअरमधले चित्र आणि फार्मचे चित्र एकमेकांतून वजा करून फरक मोजला, आणि खरे उत्तर या मोजणीतून निघाले. चौकटीच्या केंद्रात फरक शून्य होता, कोपऱ्यात सुमारे चार पिक्सेल होता आणि केंद्रापासून कोपऱ्यापर्यंतच्या निम्म्या अंतरावर जेमतेम अर्धा पिक्सेल होता. निम्म्या अंतरावर आठवा भाग म्हणजे अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढणारा फरक, आणि लेन्सच्या त्रिज्यीय विरूपणातील पहिला गुणांक बदलला की सरकणे नेमके याच प्रमाणात होते. प्लगिनचे गणित बिघडलेले नव्हते. दोन्हीकडे गुणांकच वेगळे होते. फाइलची तारीख पाहिली तेव्हा ती आदल्या रात्री, रेंडर चालू असतानाच बदललेली निघाली. मॅचमूव्हने कॅमेऱ्याची सुधारित मांडणी जुन्याच नावाखाली प्रकाशित केली होती. त्यांच्या दृष्टीने त्यांनी काम अधिक चांगले केले होते. परंतु इमारत जुन्या कॅमेऱ्यातून रेंडर झालेली असल्यामुळे तिला नवी लेन्स लावल्यावर ती कडेला बसणे शक्यच नव्हते.

फार्मवर दहा-दहा फ्रेमचा गट एका स्वतंत्र प्रक्रियेत रेंडर होतो आणि आमचा प्लगिन प्रक्रियेच्या आरंभी एकदाच फाइल वाचतो. म्हणून १०४० पर्यंतच्या गटांना जुनी लेन्स मिळाली आणि पुढच्यांना नवी. पुन्हा रेंडर केलेल्या गटांनाही नवीच मिळाली, आणि सीमा मागे सरकली.

आर्टिस्टला हे का दिसले नाही, याचे कारण मात्र अधिक खोल आहे. न्यूकमधील प्रत्येक नोड (प्रक्रियेचा एक टप्पा) आपल्या नॉबची, म्हणजे सेटिंगची, मूल्ये आणि आधीच्या नोडचे हॅश यांच्यापासून स्वतःचा हॅश, म्हणजे ओळख पटवणारा आकडा, तयार करतो, आणि हॅश तोच असेल तर चित्रही तेच आहे असे गृहीत धरून कॅशमधले, म्हणजे आधी साठवून ठेवलेले, चित्र दाखवले जाते. आमच्या नोडच्या नॉबमध्ये फाइलचा केवळ पाथ होता. पाथ बदलला नाही म्हणून हॅश बदलला नाही, आणि आतला मजकूर बदलल्याचे व्ह्यूअरला कधी कळलेच नाही. नॉबच्या बाहेरची एखादी गोष्ट चित्रावर परिणाम करत असेल, तर तिची भर हॅशमध्ये घालण्यासाठी ‘अपेंड’ हे फंक्शन प्लगिन लिहिणाऱ्याच्या हाती दिलेले असते. मूळ लेखकाने ते लिहिलेच नव्हते. शिवाय डिस्कवरचा कॅश सेशन बंद झाल्यानंतरही टिकतो, त्यामुळे न्यूक बंद करून पुन्हा उघडण्याच्या सार्वत्रिक औषधानेही इथे जुनेच चित्र दिसले असते.

आता प्रश्न असा होता की मंजूर झालेल्या चित्राचे गुणांक कुठेच शिल्लक नव्हते. फाइलवर नवी फाइल लिहिली गेली होती आणि रात्रीचा बॅकअप त्यानंतरचा होता. जुने आकडे फक्त आर्टिस्टच्या चालू प्रक्रियेच्या मेमरीत जिवंत होते, कारण दिवसेंदिवस सेशन उघडे ठेवण्याची तिची सवय, जिच्याबद्दल मी एरवी कुरकुर करते, त्या वेळीही कायम होती. तिला काहीही बंद करू नको असे सांगून मी त्याच सेशनमध्ये एक्स्प्रेशन नोडने प्रत्येक पिक्सेलचा स्वतःचा निर्देशांक (० ते १ या मापात) लाल आणि हिरव्या चॅनेलमध्ये लिहिलेले चित्र तयार केले, कडा काळ्या पडू नयेत म्हणून त्याचा विस्तार चौकटीबाहेर वाढवला आणि ते आमच्याच नोडमधून बाहेर काढले. कोणता पिक्सेल कुठून घ्यायचा हे सांगणाऱ्या अशा नकाशात अख्खी लेन्स साठवली जाते. तो ३२ बिट फ्लोटमध्ये लिहिणे अत्यावश्यक असते. १६ बिटमध्ये ०.५ ते १ या पट्ट्यातील लगतच्या दोन मूल्यांमध्ये १/२०४८ इतके अंतर असते, म्हणजे ४०९६ पिक्सेल रुंदीच्या चित्रात दोन पिक्सेलची पायरी, आणि आम्ही ज्या फरकाशी झुंजत होतो तोच चार पिक्सेलचा होता. नकाशा लावून शॉट रेंडर केला आणि तो मंजूर चित्राशी जुळला.

दुरुस्तीबाबत मात्र आमच्यात अजून एकमत नाही. पाइपलाइन प्रमुखांनी फाइलची वेळ हॅशमध्ये घालावी असे सुचवले, परंतु साध्या कॉपीनेही ती वेळ बदलू शकते आणि कॅश निष्कारण वाया जातो. मजकुराचा हॅश घातला तर व्ह्यूअर खरे बोलू लागेल, पण १०४१ वरचा धक्का तसाच राहील, कारण रेंडर चालू असतानाच फार्म नवी फाइल वाचेल. म्हणून मी गुणांक नोडच्या नॉबमध्येच उतरवून स्क्रिप्टसोबत साठवले, फाइल पुन्हा वाचण्यासाठी वेगळे बटण दिले आणि डिस्कवरची फाइल वेगळी असल्यास नोडवर इशारा दिसेल अशी सोय केली. यावर मॅचमूव्हचे म्हणणे असे की आर्टिस्ट ते बटण दाबणारच नाहीत आणि जुन्या लेन्स महिनोन् महिने वापरात राहतील. ही भीती खोटी नाही. मात्र प्रत्येक आवृत्तीला नवे नाव देण्याचा नियम त्यांच्याच विभागाच्या कागदपत्रांत लिहिलेला आहे आणि तो पाळला असता तर यातले काहीच घडले नसते, हेही तितकेच खरे आहे. घरी लिहिलेले प्लगिनच नकोत, असाही एक सूर निघाला. न्यूक स्वतः १९९३ मध्ये डिजिटल डोमेन या स्टुडिओचे अंतर्गत साधन म्हणूनच सुरू झाले, याचा असे बोलणाऱ्यांना विसर पडलेला असतो.

मला खरी चिंता वाटते ती यापूर्वी मंजूर झालेल्या शॉटची. लेन्सच्या फाइलची तारीख मंजुरीनंतरची आहे असे शॉट शोधणारी छोटी पायथन स्क्रिप्ट मी लिहिली. यादी वाटले होते त्यापेक्षा लांब निघाली. त्यांतील किती शॉट खरोखर सरकलेले आहेत हे एकेक उघडून मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि बहुतेकांचे जुने सेशन केव्हाच बंद झालेले असल्यामुळे तुलना कशाशी करायची हाही प्रश्नच आहे. यादी सुपरवायझरकडे दिली आहे. ते शॉट उघडायचे की नाही, याचा निर्णय त्यांनी अद्याप कळवलेला नाही.